आईची तिसरी हाक

माझ्या भावाने, दिगंबरने, मला फसवलं आणि आमच्या आईलाही फसवलं. मला सांगितलं, "आईला तुझं तोंड बघायचं नाय." आईला सांगितलं, "तो आता आपला फोन घेत नाय." हे आधी लिहिते. पुढच्या गोष्टीवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, एवढं मात्र खरं आहे.

भुताखेतांचं मला कुणी सांगू नये. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बारा वर्षं मासळीच्या लिलावाला उभी आहे. "हा काय भाव करणार" म्हणून हसणारे आज माझं तोंड बघून बोली लावतात. मला फसवायला जिवंत माणसंच पुरली.

गेल्या वर्षी मुंबईत माझं ऑपरेशन झालं. मी आतून बाई होतेच, शरीरही तसं करून घेतलं. तीन आठवड्यांनी रत्नागिरीच्या खोलीवर परतले. बसायला मध्ये भोक असलेली उशी. दिवसातून तीनदा डायलेशन... नवी जागा आवळून बंद होऊ नये म्हणून करायचं, आणि प्रत्येक वेळी दात आवळून रडायचं. मैत्रीण रुबिना पेज भरवायची. "जेटीवर वाघीण, नि हितं मांजर काय गो?" म्हणायची. मी शिव्या घालायचे. पण भिंतीकडे तोंड केलं की दाभोळचं आमचं घर दिसायचं, आई दिसायची.

माझं नवं नाव हॉस्पिटलच्या फॉर्मवर पहिल्यांदा लिहिलं... सुरंगी. आई जत्रेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर माळायची, म्हणून. हॉस्पिटलबाहेर रुबिनाशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंगळवार होता, दुपारचे सव्वाबारा. रुबिना औषधं आणायला गेलेली. दाराबाहेरून हाक आली, "सुरंगेऽ..."

आईचाच आवाज. मासे विकून विकून बसलेला.

उठायला गेले आणि थांबले. कारण आईनेच लहानपणी शिकवलेलं, "पयल्या हाकंला ओ देऊ नको. भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मारतं ते आपलं माणूस."

दुसरी हाक आली. या वेळी उशाजवळून. "सुरंगे, लय दुखतंय काय गो?"

खोलीत कुणी नव्हतं. ओ अगदी ओठांवर आली होती. पण भाव करताना मी जे करते तेच केलं... समोरचा अजून एकदा बोलेल म्हणून गप्प राहिले.

तिसरी हाक आलीच नाही.

रुबिना परतल्यावर विचारलं, "बाहेर कोण होतं गो?" ती म्हणाली, "कोण नाय. जिना रिकामा."

पंधरा दिवसांनी मावशी आली. आई गेली होती. त्याच मंगळवारी, भर दुपारी. तेरावंसुद्धा उरकलं होतं, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. मी फोन घेत नाही असं दिगंबर आईला नि सगळ्यांना सांगत होता, हेही मावशीकडूनच कळलं.

"मावशी, माझं नाव घेतलं काय तिने?"

"नाय गो. कुणा सुरंगीला हाक मारीत होती. दोनदा. लय दुखतंय काय, म्हणून विचारलंन. आम्हाला वाटलं, भ्रम झाला. तिसऱ्यांदा तोंड उघडलंन, तर दिगूने घाईघाईने तुळशीचं पाणी घातलं तोंडात. मग बोललीच नाय." चहाचा कप उचलत मावशी म्हणाली, "कोण गो ती सुरंगी?"

मी छातीवर हात ठेवला. मावशीच्या हातातला चहा तसाच राहिला.

नाव आईला कसं कळलं? मला दुखतंय हे कुणी सांगितलं? दिगंबरला फोनवर विचारलं तर म्हणतो, "मरताना माणूस काय पण बरळतं."

बरळत होती, तर मग पाण्याची एवढी घाई कसली होती?

दिगंबर, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेलच. आई माझ्याकडे कशी आली ते तुला विचारत नाही. ते तुलाही ठाऊक नाही. पण पाण्याचा चमचा तुझ्या हातात होता. दाभोळच्या घराच्या ओटीवर, चार माणसांसमोर उभा राहा आणि सांग. तिसऱ्या हाकेला मी ओ देणार होते. ती हाक तू का अडवलीस?