दीड इंचाचा शिपाई आणि पडलेला हात

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी माझा खालचा ओठ दोन बोटांनी ओढला, हिरड्यांवर टॉर्च मारला आणि विचारलं, "भाऊ, ब्रश तोंडात घालता का?"

मी हो म्हणालो. तीस वर्षं घालतोय. पेंटर माणूस ब्रशाचं टोक ओठांवर करणार नाही तर कुठे करणार?

त्यांनी माझ्या बायकोला, रझियाला, जवळ बोलावून हिरड्यांवरची निळसर रेघ दाखवली. "लेड पॉइझनिंग आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे शिशाची विषबाधा. माझा उजवा हात मनगटापासून लोंबत होता, त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. हात वर उचलणारी नस शिशाने बधिर केली होती.

रझियाने एकच विचारलं. "हात परत येईन का मॅडम?"

"बऱ्याच जणांचा येतो. यांचा येईल की नाही, आज सांगता येणार नाही."

तिथून पुढे चार महिने आम्ही त्या एका वाक्यावर काढले.

मी अहेरीचा साइनबोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, जंगल खात्याचे 'वणवा लावू नका' असे फलक, सगळं हाताने. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला चंद्रपूरहून एसटीच्या टपावर फ्लेक्सच्या गुंडाळ्या यायला लागल्या आणि माझ्या ब्रशांना सुट्टी लागली. रिकामा पेंटर फार वाईट. घरातल्या डब्यांवर 'साखर', 'तूरडाळ' लिहून झालं, तेव्हा रझियाने हात जोडले.

अशात हैदराबादहून माझ्या मेव्हण्याचं, आसिफचं, पार्सल आलं. त्याच्या मित्रांचा एक खेळ आहे. भविष्यातल्या, अंतराळातल्या लढाया टेबलावर मांडून खेळतात. त्यासाठी धातूचे छोटे शिपाई आपणच रंगवायचे. इंटरनेटवर त्यांचं एक चॅलेंज होतं: सहा आठवडे, एक शिपाई, स्वतःचा हात, शेवटी फोटो. आसिफने फोनवर सांगितलं, "जीजाजी, तुमचं नाव टाकून दिलो मी. आता माही इज्जत तुमच्या हातात."

शिपाई दीड इंचाचा. अंगभर चिलखत, हातात तोफेसारखी काहीतरी बंदूक, चेहरा उघडा. डोळा म्हणाल तर मोहरीएवढासुद्धा नाही. मी हसलो. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बसलो. कितीतरी दिवसांनी कोणाला तरी माझा हात हवा होता.

आसिफ तयार रंगांच्या बाटल्या पाठवणार होता. मी नको म्हणालो. बाटलीतला रंग काय, कोणीही लावेल. चिलखताला मला पेटता नारंगी हवा होता, म्हणून मी शेंदूर आणला, खलात घोटला आणि धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात कालवला. शेंदूर म्हणजे शिसंच, हे मला नागपूरला कळलं. शिपायाच्या अंगावरच्या साच्याच्या रेघा मी कानशीने घासल्या, त्या धातूतही शिसं. आणि केसाएवढी रेघ मारायची तर प्रत्येक रेघेआधी ब्रश ओठांवर. डिंक जरा गोडसर लागतो. मला तो आवडायचा, हे सांगायला आज लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात पोटात पीळ पडायला लागला. शौचाला होईना. तोंडाला सतत धातूची चव. आमच्या जिल्ह्यात माणूस शिंकला तरी आधी मलेरियाची स्लाइड काढतात, माझीही काढली. मलेरिया नाही. मग गॅस, मग अपेंडिक्स, मग कोणीतरी कावीळ सांगितली. मी पोटाला उशी दाबून चिलखत रंगवत राहिलो. माझ्याइतका गाढव मीच.

पाचव्या आठवड्यात डोळे करायला बसलो. ब्रश उचलला आणि हात मनगटातून खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. दुखत काहीच नव्हतं. रझियाने पाहिलं आणि ती रडायलाच लागली. शेजारचे म्हणाले, लकवा. रझिया कोणाचं न ऐकता मला घेऊन बसमध्ये बसली. तिचे उपकार मी कसे फेडणार, मला ठाऊक नाही.

नागपूरच्या दवाखान्यात वाट बघणं हेच मोठं काम. नंबर, बाक, पुन्हा नंबर. रक्त मुंबईला पाठवलं, अहवाल यायला नऊ दिवस. पेरिफेरल स्मिअर म्हणजे काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. माझ्या लाल पेशींवर निळे ठिपके निघाले, ही शिशाचीच खूण. चोवीस तासांची लघवी एका डब्यात जमवायची होती. तो डबा घेऊन डाव्या हाताने व्हरांड्यातून चालताना वाटायचं, आपण आता कशाचेच उस्ताद उरलो नाही.

उपचाराचं नाव चिलेशन. औषध शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. रिकाम्या पोटी कॅप्सूल, वरून मळमळ. हाताला स्प्लिंट, म्हणजे मनगट वर धरणारी पट्टी. रोज सकाळी डॉक्टरबाई माझा हात टेबलाच्या कडेवर ठेवून सांगायच्या, "उचला." मी घामाघूम व्हायचो. हात तसाच.

तिथेच चॅलेंजची तारीख गेली. आसिफ फोनवर रडला. मी म्हटलं, तू बाहुली पाठवली, शेंदूर मी खाल्ला. तो म्हणाला, डोळे दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ का? रझियाने फोन माझ्याकडून ओढून घेतला. "अजिबात नाई! त्याइच्याच हातानं होईन, नाई तं राहू दे तसाच."

एकदा डॉक्टरबाईंनी विचारलं, ब्रश तोंडात घालायला शिकवलं कोणी? मी उस्तादांचं सांगितलं. चंद्रपूरला त्यांच्याकडे मी नऊ वर्षं काम शिकलो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलो. शेवटच्या वर्षांत उस्तादांचाही उजवा हात पडला होता. सगळे लकवा म्हणत. आम्ही चेले आळीपाळीने तेल चोळायचो.

"पाय?" बाईंनी विचारलं.

"चांगले होते. सायकल चालवायचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लकव्यात बहुतेक हातासोबत पायही जातो," त्या म्हणाल्या.

अडीच महिन्यांनी, घरी चहा पिताना, माझं मनगट बोटभर उचललं गेलं. रझियाने कप माझ्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा करायला लावलं. चौथ्या महिन्यात हात सरळ रेषेत आला. त्याच्या वर आजही जात नाही. फूटभर अक्षर लिहू शकतो. बारीक रेघ थरथरते.

शिपायाचे डोळे मी मनगटाखाली काठी धरून केले. एक जरा मोठा झाला. आसिफने फोटो टाकला. उशिरा आलेल्यांना नंबर नसतो. तिथे एकाने विचारलं, हा नारंगी कुठल्या कंपनीचा? मी आसिफला म्हटलं, त्याला सगळं खरं लिही, आणि बनवू नको म्हणावं.

तुमच्यापैकी कोणी पेंटर असाल, मूर्तिकार असाल, हौशी असाल, तर माझं एवढं ऐका. टोक ओल्या फडक्यावर करा. रंगाच्या हाताने भाकरी खाऊ नका. जुना रंग खरवडताना तोंड बांधा. पोट दुखलं तर डॉक्टरला आपला धंदा आधी सांगा. मी तो कोणालाच सांगितला नव्हता, आणि मलाही कोणी विचारला नव्हता.

मागच्या महिन्यात चंद्रपूरला उस्तादांच्या घरी गेलो. चाचींना, त्यांच्या बायकोला, आता कमी दिसतं. मला सांगायचं नव्हतं, पण त्यांनी माझ्या आजाराचं ऐकलं होतं.

"त्याइचा बी हात असाच पडला होता ना रे?"

"हो चाची."

"अन् तुले गोया देल्या तं उठला?"

गोळ्यांनीच उठला, मी म्हणालो.

"उचलून दाखव."

मी उचलला. जेवढा उठतो तेवढा. चाचींनी चाचपडत माझं मनगट दोन्ही हातांत धरलं, आणि मी खाली घ्यायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ."