मिस्त्रींची फेरी

आमच्या ह्यांनी अंबडच्या कारखान्यातल्या पगारावर कुणाची तरी शर्यतीत पळवलेली जुनी मोटार घेतली, तेव्हापासून मिस्त्रींची ओळख. गाडी सारखी त्यांच्याच दारात असे. ते बोलताना माणसाकडे बघत नसत, गाडीकडे बघत. "खोकतेय, पण पळतेय," म्हणत. ब्रेकचं काम झालं की बायकोला हाक मारत. ती पिठाच्या हातांनीच येऊन शेजारी बसे. दोघं उतारावरून एक फेरी मारून येत आणि मगच चावी देत.

त्या दिवशी आम्हाला घाटातून कळवणला लग्नाला जायचं होतं. "ब्रेकचा नवा पंप पुढच्या महिन्यात बघू. आज जुनाच बसवा," हे म्हणाले. मिस्त्रींनी बसवला. मी मागे बसले. त्यांची बायको दारात आली, तर त्यांनी तिला हातानेच आत जायला सांगितलं आणि चावी ह्यांच्यापुढे धरली.

मी परक्या पुरुषाशी बोलत नाही. तरी तोंडून निघालं, "मिस्त्री, आज वहिनींना नाही बसवलं?"

हे रागाने वळले. मिस्त्री पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "उतरा, ताई."

पुढे केलेली चावी त्यांनी खिशात घातली.