धुऱ्याएवढा ब्रेकर

आमचं गाव पवनी-लाखांदूर रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. गावात एक सिमेंटचा रस्ता, एक शाळा, एक तलाव आणि कौशल्याबाई रामटेके.

कौशल्याबाई ग्रामपंचायतीत वॉर्ड नंबर दोनच्या सदस्य आहेत. वय साठीला टेकलेलं. चाळीस वर्षं त्यांनी धानाची रोवणी केली. बायकांची टोळी त्यांच्या हाताखाली असायची. एखादीने रोप वाकडं लावलं तर ते उपटून तिच्याच हातात द्यायच्या. मी एकतीस वर्षं सरकारी रस्त्यावर मैलकुली होतो. खड्डे बुजवले, कडेची माती ओढली, मोऱ्या साफ केल्या. त्यामुळे माणूस काम कसं करतो हे मी आधी पाहतो, काय बोलतो ते नंतर. बाईंचं काम मला पटतं.

त्यांची एक पद्धत आहे. रोज सकाळी सहाला त्या वॉर्डात फिरतात. काखेत बांबूच्या कमच्या, कमचीच्या टोकाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी. जिथे धोका दिसेल तिथे कमची रोवतात. उघड्या नालीवर एक. हातपंपाच्या फुटक्या ओट्यावर एक. वाकलेल्या विजेच्या खांबापाशी एक. काम झालं की चिंधी निघते, त्याआधी नाही. कोणी काढली तर दुसऱ्या दिवशी तिथे दोन दिसतात. मासिक सभेत त्यांच्याकडे कागद नसतो. सरळ सांगतात, "सात चिंध्या लागल्या हायेत. मागच्या महिन्यात नऊ होत्या." सरपंच धर्मेंद्र तिशीतला, हुशार पोरगा. तो सचिवाला म्हणतो, "चिंध्या लिहा आधी."

चिंधी लावताना त्या माणूस पाहत नाहीत. सरपंचाच्या दारापुढेही महिनाभर एक होती. त्याच्या न्हाणीचं पाणी रस्त्यावर येत होतं. पाहुणे आले की तो तिच्यापुढे मोटरसायकल उभी करायचा.

या जानेवारीत शाळेच्या फाटकापाशी चिंधी लागली. कारण विक्कीचा ट्रॅक्टर. राइस मिलकडे धान नेताना त्याच्या ट्रॉलीने फाटकाचा खांब पाडला. पोरं आत होती म्हणून बरं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बाई उभ्या राहिल्या.

"शाळेपुढं ब्रेकर पायजे. या आठवड्यात पायजे."

"बाई, मंजुरी, अंदाजपत्रक, त्याले टाइम लागते," धर्मेंद्र म्हणाला.

"सिमेंट-गिट्टी पंचायतीची. हात आमच्या वॉर्डाचे. रस्ता पंचायतीचाच हाये ना? मंग टाइम कायले लागते?"

विक्की मागून बोलला, "ब्रेकर कायले पायजे? मी हळूच चालवतो."

"खांब मंग चालत येऊन तुह्या ट्रॉलीले धडकला का रे?"

सभा हसली. ठराव झाला.

त्या आठवड्यात मी साकोलीला मुलीकडे होतो. इथेच चूक झाली. माझी नाही, पण मी असतो तर झाली नसती.

वॉर्डातले सहा जण कामाला लागले. सगळे धान पिकवणारे. त्यांना फावडं द्या आणि आडवं काहीतरी उभं करा म्हणा, ते काय करतील? धुरा करतील. शेताच्या बांधीत पाणी अडवायला जो बांध घालतात, तो. जन्मभर तेच केलेलं. त्यांनी दीड वीत उंच, दोन्ही बाजूंनी उभा, फावड्याच्या पाठीने चोपून गुळगुळीत केलेला सिमेंटचा धुरा रस्त्यावर घातला. कौशल्याबाईंनी वीत लावून मोजला आणि म्हणाल्या, "असा मजबूत पायजे." काम मेहनतीचं होतं, हे मी मान्य करतो. एक तडा नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातची बस आली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि बस पोटावर बसली. चाकं पुढे, चाकं मागे, मध्ये धुरा. अर्धं गाव धक्का द्यायला लागलं. बस सुटली, पण खाली काहीतरी लोंबवत गेली. दुपारी डेपोतून निरोप आला. रस्ता नीट होईपर्यंत बस गावात येणार नाही, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावरूनच जाईल.

ट्रॅक्टर मात्र थांबले नाहीत. ते नालीच्या बाजूने अर्धं चाक घालून निघू लागले. विक्की बाईंच्या दारापुढून जाताना मुद्दाम हळू व्हायचा.

"मोठीआई, ट्रॅक्टर थांबवाले गेली आन् बसच थांबवली वो तू."

ते बाईंना लागलं होतं. कारण ती बस त्यांनीच आणली होती. दोन वर्षं डेपोच्या पायऱ्या झिजवून. त्याआधी गावातल्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या. फाट्यापर्यंत तीन किलोमीटर, मध्ये झुडपी जंगल, पोरींना कोण पाठवणार? बाईंची स्वतःची मुलगी अशीच घरी बसली. आता गावातल्या अकरा मुली बसने लाखांदूरला कॉलेजात जात होत्या. त्यात बाईंची नात मोनिका. बारावीला. परीक्षा दहा दिवसांवर. बस बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरातल्या चारच निघाल्या. बाकीच्यांचे बाप म्हणाले, बस येईल तेव्हा पाहू.

मी त्या संध्याकाळी परतलो. शाळेपुढे सायकलवरून उतरलो आणि पाहिलं. धुऱ्याच्या मधोमध भोक पाडून लाल चिंधी रोवलेली होती. बाईंनी स्वतःच्याच कामावर चिंधी लावली होती.

अर्ध्या तासात त्या माझ्या अंगणात आल्या. मागे धर्मेंद्र.

"परसरामभाऊ, माहं चुकलं," बाई म्हणाल्या. "कसं चुकलं ते सांगा."

"तो ब्रेकर नाही, धुरा आहे. पाणी अडवायचं असेल तर उत्तम आहे."

धर्मेंद्र म्हणाला, "मामा, मी तं म्हणतो फोडून टाकू. मशीन लावू, एका तासात साफ. बस येऊन जाईल. ब्रेकरचं मंग पाहू."

"मंग म्हणजे कवा?" बाई म्हणाल्या. "विक्कीनं दुसरा खांब पाडल्यावर? बस बी पायजे, ब्रेकर बी पायजे."

मी त्यांना सांगितलं. उंची चार बोटं. रुंदी बारा फूट. चढ इतका हळू, की चाकाला कळेल आणि पोटाला लागणार नाही. दोन्ही कडांना जुन्या रस्त्यात दोन बोटं खाच घ्यायची, नाहीतर पातळ कड महिन्यात उडते. ओतल्यावर सात दिवस वर ओली बोरी, म्हणजे गोणपाट, पाण्याने भिजवत.

"सात दिवस?" धर्मेंद्र म्हणाला. "तीन दिवस चालते मामा. सगळे तीनच ठेवतात."

"सगळ्यांचे म्हणूनच फुटतात."

बाईंनी बोटांवर मोजलं. एक दिवस फोडणं, एक दिवस ओतणं, सात दिवस बोरी. नववा दिवस. दहाव्या दिवशी पेपर. "होते," त्या म्हणाल्या. "सातच ठेवू."

दुसऱ्या दिवशी तेच सहा जण घण आणि छिन्नी घेऊन आले. स्वतःच्या हाताने केलेलं फोडायला जास्त वेळ लागतो. टिकाराम त्यात सगळ्यात मोठा. तो म्हणाला, "चोपताना मी किती जोर लावला होता, आता समजून राहिलं." पुढच्या दिवशी ओतताना मी बांबूची पट्टी वाकवून साचा केला आणि ब्रेकर संपेपर्यंत तो हातातून सोडला नाही. जिथे साचा टेकला नाही तिथे पुन्हा. तीन वेळा पुन्हा. टिकाराम वैतागला.

"भाऊ, हे रस्ता हाये का सोन्याचं काम?"

"रस्ता आहे. म्हणूनच."

संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा फोडलेल्या सिमेंटचा ढीग कडेला होता. मी त्यांना थांबवलं. "मलबा उचलेपर्यंत काम संपत नाही." त्यांनी तो माझ्या भिंतीशी आणून टाकला. अंगणात भरायला कामी येईल म्हणून मीच म्हटलं होतं, राहू द्या, मी पाहतो.

ते सात दिवस बाईंनी काय केलं ते सांगतो. सकाळी साडेपाचला अकराही घरी जाऊन मुलींना बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी सहा निघाल्या, चौथ्या दिवशी अकरा. हातात कमची घेऊन फाट्यापर्यंत तीन किलोमीटर सोबत, बसमध्ये बसवून तीन किलोमीटर परत. आल्या की बोऱ्यांवर पाणी. दुपारी पाणी. संध्याकाळी मुलींना आणायला पुन्हा फाटा. रोज बारा किलोमीटर. मी मोजलं आहे, कारण मैल मोजणं माझी नोकरी होती.

ट्रॅक्टरांसाठी रस्त्यावर बांबू आडवा बांधला होता. त्यांना तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, फिरून जावं लागायचं. विक्की दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी बाई त्याला म्हणाल्या, "तुह्या ट्रॉलीत टाकी हाये ना? दुपारचं पाणी तू आण." तो आणू लागला. कसं ते मला कळलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी बोऱ्या काढल्या. कडा पाहिल्या, एकही उडाली नव्हती. चुन्याचे पट्टे मारले. बाईंनी डेपोला निरोप धाडला होता. संध्याकाळी बसचा ड्रायव्हर फाट्यावर बस लावून कोणाच्या तरी मोटरसायकलवर आला. जाड माणूस, मिशीवाला. ब्रेकरवर बूट आडवा ठेवून उंची पाहिली.

"दिसते बरोबर," तो म्हणाला. "पण मागच्या वेळीबी लांबून बरोबरच दिसत होता."

"मंग पाहून घ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी घरून पाण्याने काठोकाठ भरलेला पितळेचा गुंड, मोठा हंडाच, आणला. विक्कीच्या रिकाम्या ट्रॉलीत चढून बसल्या. गुंड दोन्ही गुडघ्यांत धरला. "विक्की, पह्यले हळू."

ट्रॅक्टर हळू गेला. थेंब सांडला नाही.

"आता जसा रोज चालवते तसा."

"मोठीआई, पडशील."

"चालव ना गा."

विक्कीने चालवला. गुंडातलं अर्धं पाणी बाईंच्या अंगावर, पाव विक्कीच्या पाठीवर. बाई ट्रॉलीत भिजून बसलेल्या, लुगड्यातून पाणी गळतंय, आणि विक्कीला विचारतात, "उद्या शाळेपुढं कसा चालवशील?"

"हळू," विक्की म्हणाला.

ड्रायव्हर हसत हसत मोटरसायकलवर बसला. "उद्या पावणेसातले येतो," म्हणाला.

आणि आला. पुढची चाकं चढली, उतरली. अर्धं गाव वाकून बसच्या पोटाखाली पाहत होतं. मागची चाकं चढली, उतरली. खाली काही लागलं नाही. बस थांब्यापाशीच्या पिंपळाला वळसा घालून उभी राहिली. अकरा मुली चढल्या. मोनिकाने खिडकीतून हात हलवला. बाईंनी ब्रेकरच्या कडेची चिंधी उपटली, कमची काखेत घातली आणि नेहमीच्या फेरीला गेल्या.

पंधरा दिवसांनंतरची गोष्ट. सकाळी दार उघडलं तर माझ्या भिंतीशी लाल चिंधी. खाली तो फोडलेल्या सिमेंटचा ढीग. अर्धा रस्त्यावर आला होता. एका पोराची सायकल त्यावर घसरली होती म्हणे.

बाई समोरच उभ्या होत्या.

"अवो बाई, हा तं आपल्याच ब्रेकरचा मलबा."

"मलबा उचलेपर्यंत काम संपत नाई, कोण बोलत होतं भाऊ?"

मी फावडं आणलं. सतरा घमेली निघाली. अर्धा तास लागला. बाई हलल्या नाहीत. शेवटचं घमेलं उचललं तेव्हा त्यांनी बोट दाखवलं. नालीपाशी एक खडा राहिला होता. तो उचलला. मग चिंधी निघाली.