सलग सर्विसवाले फंडकाका

मुंबईहून आलेल्या माणसाला गावात बाकीचे लोक प्रवासाचं विचारत. फंडकाका विचारत, "सर्विस सलग आसा मां रे?" उत्तर 'हो' आलं की मगच त्याला पाणी मिळे. देवगडजवळच्या आमच्या गावी ते मुंबईतल्या एका कंपनीत प्रॉव्हिडंट फंडाच्या टेबलावर उभा जन्म काढून परतले होते.

आमच्या लोकांना एक खोड होती. गणपतीला रजा नाकारली की राजीनामा साहेबापुढे टाकायचा, गावी येऊन मोदक हाणायचे आणि परत जाऊन त्याच दारात नव्याने उभं राहायचं. नोकरी पुन्हा मिळायची, पण सर्विस तुटायची. पाच वर्षं सलग भरण्याआधी आपणहून नोकरी सोडून फंड काढला की त्यावर इन्कम टॅक्स बसे, भरल्यावर काढला तर नाही. काका हे न कंटाळता समजावत. "आजारी पडान सुटलंस, कंपनी बंद पडली, तर सरकार समजान घेता. मोदकांसाठी सुटलंस तर नाय!"

मी मुंबईत फिटर होतो. फंडाच्या पैशातून गावी इंजिनाच्या होडीत भागी घ्यायची, एवढं एकच माझ्या मनात होतं. चार वर्षं नऊ महिने झाले आणि त्या गणपतीला साहेबाने रजा नाकारली. वडील नव्हते, पूजेला घरात मी एकटा पुरुष. 'राजीनामा देऊन येतो' असं आईला कळवलं. तिला पत्र वाचून दाखवणारे काकाच. काडेपेटीसुद्धा जपून वापरणाऱ्या त्या माणसाने मला चक्क तार केली. राजीनामा देऊ नकोस, गणपती मी पुजतो.

मी चरफडत थांबलो. काकांनी दीड दिवस आमच्याकडे पूजा केली, आरत्याही म्हटल्या, अगदी बेसूर. आई मात्र घुश्शात. "माझ्या झिलाक सणाक येवक दिल्यान नाय," असं ती घरोघर सांगत सुटली. पुढे कित्येक महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. काकांनी एका शब्दाने तिला दोष दिला नाही.

पाच वर्षं भरून वर थोडे दिवस झाल्यावर मी नोकरी सोडली. फंड मिळाला, टॅक्स एक पैसा कापला नाही. ऑफिसचा कागद घेऊन थेट काकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"आपल्याच गावचो एक माणूस होतो. तुझ्यासारखोच गणपतीक सुटलो. दोन महिने कमी होते. त्याचो टॅक्स मी ह्या हातान कापलंय. तो सुटतलो ह्या माका आधी ठाऊक होता रे, पण सांगूक नाय. म्हटलंय, माझा काम कागदाचा."

मी त्यांच्या पाया पडलो.

त्या होडीवर माझा संसार उभा राहिला. काका गेले त्या दिवशी मी समुद्रात होतो. परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या ओटीवर आई एकटीच बसून रडत होती.