गोठ्याचा वास असलेली गाणी

मनाम्यातल्या आमच्या हॉटेलात तो स्टोअरकीपर होता आणि मी अकाउंट्समध्ये. वसईचा कॅथलिक, घरी म्हशींचा गोठा. बहरीनच्या उन्हातही तो अमेरिकन गुराख्यासारखे उंच चामडी बूट घालायचा आणि दिवसभर त्या गुराख्यांच्या गाण्यांच्या कॅसेट लावायचा. मला सगळी सारखीच वाटायची. तो मात्र मध्येच टेप बंद करायचा.

"खलास. हा माणूस कधी गोठ्यात गेलेला नाही. शेणाचा वासच नाही गाण्याला."

वास असलेलं गाणं लागलं, की किचनला साखर हमखास जास्त तोलली जायची.

एका शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर स्टाफची पिकनिक होती. हॉटेलात उतरलेला एक अमेरिकनही आला होता. त्यानं मोठी हॅट घालून गिटारवर कुरणाचं गाणं म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या स्टोअरकीपरनं त्याला विचारलं, "सर, तुमच्याकडे संध्याकाळी गुरांना हाक कशी मारतात?"

पाहुणा हसला. शहरात वाढलेला तो. गाय त्यानं लांबूनच पाहिली होती.

"मग ऐका," म्हणत यानं बूट काढले, वाळूत पाय रोवले आणि बापाची म्हशींना बोलवायची हाक दिली. लांबलचक, शेवटी वर चढत जाणारी. आम्हाला हसू फुटणार, तोच पलीकडे मोकळे चरणाऱ्या काही उंटांनी माना वर केल्या. त्यातला एक सरळ आमच्याकडे चालू लागला.

पाहुण्यानं गिटार उचलून गाडी गाठली. हा जागचा हलला नाही.

"आता याला परत पाठव," मी म्हणालो.

"ते नाही येत," तो उंटाकडे बघत म्हणाला. "बापानं घरी बोलवायचीच हाक शिकवली."