साडूंचे जिवंत पाहुणे

जगात जीव म्हणून जे काही आहे, त्या सगळ्याची जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे अशी खात्री असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. युसूफ वडगाव नावाच्या गावात त्यांचं किराणा दुकान आहे आणि दुकानामागे गोठा. साखरेच्या पोत्याला मुंग्या लागल्या, तर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून साडू आधी मुंग्यांना वाट करून देतात. एकदा तराजूत कोळ्याने जाळं विणलं, तेव्हा यांनी शेजारच्या दुकानातून तराजू मागून आणला. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणते, "लगीन माणसाशी केलतं, निघाला पांजरपोळ."

यंदा त्यांची लाडकी गाय गौरी व्याली, पण दूध काही भरेना. अक्काने निर्वाणीचं सांगितलं, "दसऱ्यापोतर दूध वाढलं न्हाई तर गौरी बाजारात." साडूंची झोपच उडाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पेंडीच्या आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या खाद्यातून, रोज घालायला यीस्टच्या पुड्या दिल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "गार जागी जपून ठेवा, जिवंत असतंय हे." झालं! पुड्या थेट देवघरात गेल्या, कारण घरात गार जागा तीच. तिथे अक्काने आवाज चढवायचा नाही, असाही हुकूम निघाला. पण जिवंत पाहुण्यांना गारढोण आंबोणात सोडायचं म्हणजे लिंगायताच्या घरच्या पाहुणचाराला बट्टा. म्हणून साडू रोज पेंड चुलीवर रटारटा उकळायचे आणि त्या वाफेतच पुडी रिकामी करायचे. "गरम पाजल्याबिगर आमी पाव्हणा सोडत न्हाई," असं त्यांनी मला छाती फुगवून सांगितलं होतं.

दूध तसूभर वाढलं नाही. दसरा तोंडावर आला तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या आणि वाफाळतं घमेलं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, उकळत्यात मरतंय ते! तुमी रोज मेलेलं घालताय."

साडूंनी आधी चूल विझवली. मुंगीला वाट देणारा माणूस, इतके दिवस जीव शिजवत होता. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कपिलधारच्या तीर्थाला जाऊन, पाप धुवायला धबधब्याखाली उभे राहून आले. मग मात्र आंबोण गार करूनच पुडी पडू लागली आणि दूध हळूहळू चढलं. फार नाही, पण दसऱ्याच्या सकाळी अक्काने दुधाच्या चरवीत डोकावून म्हटलं, "ऱ्हाऊ द्या तिला."

सुटला माणूस, असं मला वाटलं. पण साडूंनी बाईंना विचारलंच, "आता पोटात तरी जगतेत न्हवं?"

बाई खरं बोलणाऱ्या. "थोडं काम करतेत अन् जातेत. म्हणून तर रोज घालायचं."

परवा गेलो तर साडू घमेल्यात पुडी ओतत उभे होते. ओतून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि हलकेच म्हणाले, "जावा बाबांनो." मग मला पाहून ओशाळले. "हसू नका, पाव्हणं. आपली गौरी ऱ्हायली ती ह्यांच्या जिवावर."

मी हसत नव्हतो. माझेही हात जोडले गेले होते.