नसलेल्या फोनचा नंबर

मोहफुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. वेचणारी बाई सारा वेळ वाकलेली असते, आणि वाकलेले माणूस वाघाला चार पायांचे जनावर वाटते. मुलचेऱ्याकडच्या आमच्या रानात वाघाचा वावर वाढला, तेव्हा मी पत्नीला जाऊ नको म्हणालो.

“घरी बसून का तुमचं तोंड पाहू?” ती म्हणाली आणि गेली.

निवृत्त होऊन गावी परतण्याआधी भद्रावतीच्या कारखान्यात मी आयुष्यभर तपासणी विभागात काम केले. हुज्जत घालणे मला जमत नाही. व्यवस्था लावता येते.

वाघ कुणाला ना कुणाला दिसतच असे: गुराख्याला, बसच्या चालकाला, वनरक्षकाला. पण कळवायचे कुणाला? गावातल्या एकाचा नंबर सर्वांना द्यावा, तर तो नेमका अहेरीच्या बाजाराला गेलेला, किंवा त्याचा फोन बंद. म्हणून मी एक आभासी नंबर घेतला. त्याला सिम नाही, फोनही नाही. त्यावर आलेला संदेश आपण ठरवू त्या सर्व फोनांवर आपोआप पुढे जातो. इंटरनेट नसलेल्या, बटणांच्या फोनवरही.

संकेतस्थळ इंग्रजीत होते. मी शब्दकोश घेऊन बसलो. मोह वेचणाऱ्या बायकांचे आणि माझा, असे सगळे नंबर भरले. पहिली चाचणी फसली. प्रत्येक नंबराआधी देशाचा संकेतांक हवा होता. तो घातला, पुन्हा संदेश पाठवला, आणि गल्लीतल्या घराघरांतून फोन वाजत गेले. तो नंबर मी गावातल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर स्वतः रंगवला.

लवकरच एका सकाळी गुराख्याला नाल्याकाठी वाघ दिसला. त्याने भिंतीवरच्या नंबरवर संदेश केला आणि तो माझ्या फोनवर आला. बायका मात्र नेहमीच्याच वेळी परतल्या, हसत-बोलत. कुणालाच काही ठाऊक नव्हते.

“संदेश आला नाही?” मी पत्नीला विचारले.

“आला असन. फोन झाडाले होते ना.”

मोहाची झाडे खोलगट भागात आहेत. तिथे रेंज नाही. ती फक्त टेकाडावरच्या एका टेंभुर्णीपाशी मिळते. म्हणून साऱ्या जणी आपले फोन एका कापडी पिशवीत घालून त्या झाडाला टांगतात आणि आपापल्या मोहाखाली पांगतात. माझे सर्व संदेश बिनचूक पोहोचले होते, एकाच पिशवीत.

“वाघानंच पिशवीत डोकावून वाचलं असन,” एक म्हातारी म्हणाली. “त्याले तरी समजलं असन, का तो आला म्हणून!”

सगळ्या खदखदून हसल्या. मी हसलो नाही.

झाड हलवता येत नव्हते. मी पिशवी बदलली. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, एक बाजू कापून मोकळी केली, कडा ठोकून बोथट केल्या. ज्या फोनांवर जमले, त्यांवर त्या नंबरसाठी लांब, कर्कश सायरन लावला. बाकीच्यांचा आवाज पूर्ण वाढवला. फोन आत रचून डबा टेंभुर्णीला टांगायचा, तोंड मोहाकडे करून.

“वाघ हसून हसून मरन,” पत्नी म्हणाली. पण डबा तिनेच टांगला.

काही दिवसांनी सकाळी माझा फोन वाजला. संदेश वनरक्षकाचा होता: वाघ मोहाच्या दिशेने. मी वेशीकडे निघालो. वेशीवर पोहोचण्याआधीच सायरनांचा कल्लोळ कानी आला, आणि मग बैलगाडीच्या वाटेने साऱ्या बायका आल्या, एका घोळक्यात, ओरडत. सर्वांपुढे माझी पत्नी होती. डबा तिने पोटाशी धरला होता आणि आत दोन फोन अजून कोकलत होते.

“बंद करा वो याले! कान फाटले!”

एकही बाई मागे राहिली नव्हती.

दुपारी वनरक्षक मला रानात घेऊन गेला. पत्नीच्या मोहाखाली पंजाचा ताजा ठसा होता, तिने वेचता वेचता सोडलेल्या फुलांवर. मी तो पाहिला आणि परतलो.

“काय होतं तिथी?” तिने विचारले.

“पंजा. तुझ्या झाडाखाली.”



“मंग हरला म्हणा तो.”

“हरला,” मी म्हणालो. ते मी दोनदा म्हणालो.